डिस्चार्ज बुकातली सोनाबाई

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं बदलली आहेत. त्यांचे वडील, घरी सगळे त्यांना तात्या म्हणतात, १९६८ साली पायदळात भरती झाले आणि वीस वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पत्नीचं नाव 'सोनाबाई' असं आहे आणि तिच्या जन्मतारखेची जागा कोरी आहे. आईचं सासरचं नाव सुमन. आधार, पॅन, पासबुक, रेशनकार्ड, सगळीकडे सुमनच. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५५. गेल्या वर्षी तात्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. त्या धावपळीत आईचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड याच नावावरून अडकलं आणि ताईंच्या पोटात गोळा आला. तात्यांचं म्हणणं, "पलटणीचं रेकॉर्ड चुकत नसतं. मी काय सरकारला खोटं लिहून दिलं होतं का? मी आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. उगाच चालू पेन्शन बंद पडेल." पुण्यातल्या भावाचं म्हणणं, आधारवरच 'सोनाबाई' करून टाकू. आणि आजी सांगायची की तात्या गांधीजी गेले त्या साली जन्मले, मग रेकॉर्डमधलं १ जून १९५० बदलून १९४८ करून घेऊ, म्हणजे पेन्शनमधली ऐंशीनंतरची वाढ दोन वर्षं आधी मिळेल. तालुक्याच्या गावचा एक एजंट सगळ्याचे मिळून पंधरा हजार मागतो. ताई विचारतात, "हयातीच्या दाखल्याच्या कागदांत घालून तात्यांची सही घ्यावी आणि अर्ज टाकून मोकळं व्हावं, की त्यांचं मन राखून थांबावं?" पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "तात्या ७१ ला पश्चिमेच्या आघाडीवर होते, पण डिस्चार्ज बुकात त्या युद्धाच्या पदकाची नोंद नाही. ते त्याबद्दल कधी बोलत नाहीत."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तात्यांना काय वाटतं ते त्यात आहे, भावाचं मत आहे, एजंटाचा भावसुद्धा आहे. पण जिच्या नावावरून हे सगळं चाललंय, त्या आईला कुणी काही विचारल्याचं कुठे दिसलं नाही. तिथे मी शेवटी येईन. आधी तात्यांच्या रागाबद्दल बोलू, कारण त्याचं मूळ सापडलं की निम्मं काम तिथेच होतं.

मी फौजेत क्लार्क होतो आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम केलं. बायकोच्या नावाचा घोळ घेऊन येणारं कुणी ना कुणी आठवड्याला एकदा तरी समोर बसलेलं असायचं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या घरात सगळे ज्याला 'चूक' म्हणताहेत, ती बहुतेक चूक नाहीच.

तुमच्या आईवडिलांचं लग्न ७३ साली झालं असं तुम्ही लिहिलंय. जवान दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला, लग्न झालं, सुट्टी संपली. परत जाताना बरोबर एक कागद न्यायचा असायचा, लग्नाचा दाखला. तो बहुतेक वेळा मुलीच्या गावच्या सरपंचाने नाहीतर ग्रामसेवकाने दिलेला असे. त्या गावाने तुमच्या आईला जन्मापासून सोना म्हणून पाहिलेलं. मग दाखल्यावर दुसरं काय लिहिणार? तो कागद कंपनीच्या क्लार्ककडे गेला. क्लार्क मल्याळी असेल, गढवाली असेल. त्याने समोर दिसलं ते इंग्रजीत टाइप केलं, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा अधिकृत हुकूम, निघाली आणि तिच्यावरून रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रावर, नोंद चढली. मीही असे शेकडो कागद टाइप केले आहेत. दाखल्यावरचं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरवायचं, हाच आमचा धर्म होता.

आणि 'सुमन' हे नाव कुठे लिहिलं गेलं? तांदळाच्या ताटात. नवऱ्या मुलाने अंगठीने तांदळात अक्षरं काढली, बायकांनी ती वाचली, नवरीला नाव घ्यायला लावलं आणि थोड्या वेळाने ताट उचललं गेलं. त्या नावाचा कुठे दाखला नाही, शिक्का नाही. ते पलटणीला कळवायचं असतं हे त्या काळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढची पन्नास वर्षं आई त्याच नावाने जगल्या आणि डिस्चार्ज बुकात मात्र सोनाबाई राहिल्या. उत्तर प्रदेशच्या, पंजाबच्या जवानांकडे बायकोच्या आडनावाचे, 'देवी' आणि 'कौर' यांचे घोळ जास्त असतात. पहिलं नावच बदललेलं, हे प्रकरण मात्र आपल्या मराठी घरांत फार.

म्हणजे तात्या म्हणतात ते खरंच आहे, ताई. त्यांनी खोटं लिहून दिलं नव्हतं. जे खरं होतं तेच दिलं. तुम्ही 'रेकॉर्ड दुरुस्त करू या' असं म्हणता तेव्हा त्यांच्या कानावर पडतं, 'तात्या, तुम्ही सरकारला चुकीची माहिती दिलीत.' वीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसाला ते झोंबणारच. म्हणून पहिला बदल तुमच्या बोलण्यात करा. 'दुरुस्ती' हा शब्दच घरात वापरू नका. "तात्या, आईचं लग्नानंतरचं नाव पलटणीला कळवायचं राहिलंय, ते कळवू या," असं म्हणा. हे त्यांची समजूत काढायला सुचवत नाही, घडलंय ते एवढंच आहे.

अ‍ॅफिडेव्हिटमध्येही हेच उतरायला हवं. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे ठरलेला मजकूर असतो: "सदर नोंद चुकीने झालेली आहे." तो तसाच छापून घेऊ नका. मजकूर असा सांगा: माझ्या सेवा अभिलेखात नोंद असलेली सोनाबाई (माहेरचे नाव) आणि सुमन (लग्नानंतरचे नाव) ही एकच व्यक्ती असून ती माझी कायदेशीर पत्नी आहे. यात कुणाची चूक नाही, कुणाची कबुली नाही. यावर सही करायला तात्यांचा हात अडेल असं मला वाटत नाही.

आता तुमचा थेट प्रश्न. हयातीच्या कागदांत घालून सही घ्यावी का? नाही, ताई. मी हे कडक शब्दांत सांगतोय कारण तुम्ही भल्या मनाने विचारलंय आणि भल्या मनानेच माणसं असं करून बसतात. असा अर्ज गेला की त्याची उत्तरं तात्यांच्याच नावे येतात, त्यांच्याच मोबाइलवर मेसेज येतात. न सांगता घेतलेली सही त्यांना कळल्याशिवाय राहणार नाही, आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या कुठल्याच कागदावर ते सही करणार नाहीत. आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्या घरातच बसलेला आहे. "ही माझी बायको, हिची दोन नावं" हे स्वतः पेन्शनर लिहून देतो तेव्हा रेकॉर्ड ऑफिसला शंका घ्यायला फारसं काही उरत नाही. तोच पेन्शनर गेल्यावर तेच वाक्य बायकोने म्हटलं, तर ते सिद्ध करण्याचा सगळा भार तिच्यावर येतो.

म्हणून थांबण्याचा पर्यायही मला मान्य नाही. एक मावशी आठवतात, माण तालुक्यातल्या. नवरा वारला आणि पेन्शन थांबली, ती तर थांबणारच होती. पण कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईना, कारण रेकॉर्डवर माहेरचं नाव. माहेरचे सगळे गेलेले, गावची शाळा दुसरीकडे हललेली, सरपंच नवा. त्या प्रत्येक महिन्याला एसटीने यायच्या, पिशवीत त्याच झेरॉक्स घेऊन. एक दिवस त्यांच्या नणंदेला देव्हाऱ्याच्या खालच्या फळीत जुनी लग्नपत्रिका सापडली. कडांना हळदीचे डाग, घडीवर फाटलेली, आणि त्यात 'चि. सौ. कां.' पुढे माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, खाली नवऱ्याचं नाव आणि गाव. त्या पत्रिकेने आणि दोन म्हाताऱ्या साक्षीदारांच्या जबानीने काम पुढे सरकलं. चौदा महिने गेले होते. नवरा असता तर एका सहीचं काम होतं ते.

तुमच्या घरी पत्रिका असेल तर आजच शोधून ठेवा.

तात्यांची दुसरी भीती, पेन्शन बंद पडण्याची. ती त्यांनी कुठून तरी ऐकलेली असणार. पेन्शन अडते ती बहुतेक वेळा हयातीचा दाखला वेळेत न दिल्यामुळे. बायकोचं नाव कळवलं म्हणून नवऱ्याची पेन्शन थांबत नाही. दोन्ही गोष्टी नोव्हेंबरच्या आसपास एकत्र आल्या की लोक त्यांची सांगड घालतात. म्हणून हयातीचा दाखला आधी देऊन टाका, त्याची पोच तात्यांच्या हातात द्या आणि मग या कामाला लागा.

भावाचे दोन उपाय. आधारवर सोनाबाई करायचं म्हणजे एक जुना कागद जुळवण्यासाठी दहा चालू कागद बिघडवायचे. बँक, पॅन, रेशनकार्ड, मतदार यादी, सगळीकडे मग नव्याने हेलपाटे. शिवाय आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आजच्या अडचणीसाठी ती संधी वाया घालवली आणि पुढे खरंच गरज पडली तर काय करणार?

तात्यांच्या जन्मतारखेचं तर नावच काढू नका. १ जून ही तारीख मास्तरांनी दिलेली असणार, हे महाराष्ट्रात कुणालाही सांगायला नको. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय बसवायचं आणि १ जून टाकायचा. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांतली निम्मी खेडी एकाच दिवशी जन्मलेली आहेत. आजींची आठवण खरी असेलही. पण भरतीच्या वेळी जी तारीख देऊन माणूस आत गेला, तिच्यावरच त्याची भरती, बढती, निवृत्ती सगळं ठरलं. नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी नकार दिला आहे, मग पेन्शनवर येऊन साडेतीन दशकं झाल्यावर कोण ऐकणार? जनरल व्ही. के. सिंह लष्करप्रमुख होते. लष्करी मुख्यालयाच्याच एका शाखेकडे त्यांचं जन्मवर्ष १९५१ होतं आणि दुसऱ्या शाखेकडे १९५०. ते २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारीत अर्ज मागे घेऊन बाहेर आले. १९५० हेच कायम राहिलं आणि त्याप्रमाणे त्याच वर्षीच्या मे अखेरीस ते निवृत्त झाले. रेकॉर्डमध्ये दोन वेगळ्या नोंदी असणं ही गोष्ट हवालदारापासून सेनाप्रमुखापर्यंत कुणाच्याही बाबतीत घडते, हे तात्यांना जरूर सांगा, त्यांचं मन हलकं होईल. पण भावाला सांगा, आईच्या नावाच्या स्वच्छ अर्जात वडिलांच्या तारखेची मागणी घातली तर सगळा अर्जच संशयाने वाचला जाईल.

आईची जन्मतारीख ही मात्र वेगळी बाब आहे, कारण ती रेकॉर्डवर नाहीच. आणि ती महत्त्वाची आहे. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीला ऐंशी पूर्ण झाल्यावर २० टक्के, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला १०० टक्के जादा मिळतात. हे वय तिचं स्वतःचं धरलं जातं, नवऱ्याचं नाही. मूळ कुटुंब निवृत्तिवेतन साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर बसतं, तेव्हा ऐंशीनंतर औषधपाण्याच्या वयात ही वाढ मोठी ठरते. आधारवरची १ जानेवारी ही तारीख बघूनच कळतं की नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजे साल सांगितलं आणि यंत्राने वर्षाचा पहिला दिवस धरला. आई माहेरी चौथीपर्यंत शिकल्या असं तुम्ही लिहिलंय. मग त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टरचा उतारा मागा. अर्ज लिहून द्या, अंदाजे साल सांगा, माहेरचं पूर्ण नाव सांगा. काही शाळांत ती रजिस्टरं अजून लोखंडी कपाटात लाल कापडात बांधलेली असतात, पानं उलटायला तास लागतो, पण सापडतात. आणि त्या उताऱ्यावर तुम्हाला नाव दिसेल ते सोनाच. म्हणजे जन्मतारखेचा पुरावा मिळेल आणि रेकॉर्डवरचं माहेरचं नाव खरं असल्याचाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्याला वजन दिलं होतं. काही ठिकाणी आधारही चालवून घेतात, पण शाळेचा कागद हातात असलेला बरा. त्यात जी तारीख निघेल ती घ्यायची, फायद्याची असो वा नसो.

आता जायचं कुठे. सुरुवात साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करा. रेकॉर्ड दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर तिथल्या माणसांवर उगाच चिडाल. पण कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला कोणते कागद लागतात हे त्यांना ठाऊक असतं, अर्जाचा नमुना ते देतात आणि त्यांच्या शिफारशीने कागद पुढे गेला की त्याला वजन येतं. खरा निर्णय तात्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तात्यांची रेजिमेंट यांपैकी नसेल तर डिस्चार्ज बुकाच्या शिक्क्यावर पत्ता मिळेल. रेकॉर्ड ऑफिस आपल्याकडची नोंद बदलतं आणि प्रकरण प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन लेखा कार्यालयाकडे पाठवतं, मग तिथून सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, निघतो, ज्याला सगळे कॉरिजेंडम म्हणतात. कॉरिजेंडम हातात पडेपर्यंत काम झालं असं समजू नका. रेकॉर्ड ऑफिसचं 'नोंद केली आहे' असं पत्र आलं की लोक पेढे वाटतात आणि पुढचा टप्पा तसाच राहून जातो.

अर्ज तात्यांच्या सहीचा. वर सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, जसं फौजेत लिहायचे तसं. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची साक्षांकित प्रत, दोघांचं आधार आणि पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दोघांचा एकत्र फोटो, अ‍ॅफिडेव्हिट, शाळेचा उतारा, आणि सापडली तर लग्नपत्रिका. काही रेकॉर्ड ऑफिसं दोन वर्तमानपत्रांत जाहिरात मागतात, काही ठिकाणी गॅझेट मागतात. म्हणून आधी विचारा आणि मगच पैसे खर्च करा. गॅझेट लागलंच तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची नोंद घरबसल्या ऑनलाइन करता येते. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने कुठेही पाठवू नका, कुणी कितीही मागितलं तरी. ते हरवलं तर दुसरं मिळवणं हे नावाच्या कामाहून अवघड आहे. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि प्रत एका फाइलीत ठेवा.

एका गोष्टीकडे बारीक लक्ष द्या, इंग्रजी स्पेलिंगकडे. आधारवर 'सुमन' पुढे तात्यांचं नाव आणि आडनाव आहे का? पॅनवर तसंच आहे का? आडनाव आधी की नंतर? फौजेत आपल्याकडच्यांची नावं आडनाव आधी लावून चढलेली असतात आणि पॅनवर उलटी. जाधवमध्ये शेवटी 'व्ही' की 'ओ', वाघमारेत सुरुवातीला 'डब्ल्यू' की 'व्ही', एवढ्यावर संगणक अडून बसतो. अर्जात नवं नाव लिहाल ते आधारवरच्या अक्षराशी टिंबाटिंबाने जुळू द्या.

तात्यांचं पेन्शन आता 'स्पर्श' या प्रणालीत आलेलं असणार. बँकांकडची आणि जुन्या पीपीओंमधली माहिती तिकडे नेताना पुष्कळ नोंदी अपुऱ्या गेल्या. तात्यांच्या खात्यात जाऊन पत्नीच्या नावापुढे काय दिसतंय ते आधी बघा. कदाचित तिथे सोनाबाई असेल, कदाचित काहीच नसेल. तिथूनही बदलाची विनंती टाकता येते आणि ती फिरून रेकॉर्ड ऑफिसकडेच पडताळणीला जाते. घरी जमत नसेल तर गावातल्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर जमेल. मात्र पासवर्ड आणि ओटीपी तिथल्या पोराच्या वहीत लिहून येऊ नका.

एजंटाला पंधरा हजार देण्यासारखं या कामात काहीही नाही. अर्जाला फी नाही. खर्च होतो तो झेरॉक्सचा, अ‍ॅफिडेव्हिटचा, पोस्टाचा आणि एसटीचा, फार तर जाहिरातीचा. एजंट करतो काय, तर तुमच्याकडून हेच कागद गोळा करतो आणि त्याच कार्यालयात नेऊन देतो. काही जण मूळ कागद अडकवून ठेवतात आणि मग पैसे वाढवत जातात, असे प्रसंग मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

किती दिवस लागतील ते मी सांगणार नाही, कारण ते कार्यालयागणिक बदलतं. दोन-तीन महिने उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र लिहा. त्यानंतरही शांतता असेल तर माहितीचा अधिकार वापरा. रेकॉर्ड ऑफिसलाही तो कायदा लागू आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली आणि तो आज कोणाच्या टेबलावर आहे" एवढंच विचारा. याच अर्जाने शीट रोलमधल्या पत्नीच्या नोंदीची आणि ज्या पार्ट टू ऑर्डरने ती चढली तिची प्रतही मागता येते. ती हाती आली की ७३ साली नेमकं काय लिहून गेलं होतं ते तात्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. संरक्षण पेन्शनच्या अदालती अधूनमधून भरतात, त्यांची तारीख सैनिक कल्याण कार्यालयात कळते. अगदी नकारच आला तर सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे, महाराष्ट्र आणि गोव्याची प्रकरणं तिथे चालतात, आणि अंतिम नकारापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. नावाच्या साध्या प्रकरणात तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी वडील आता नाहीत आणि आईचं नाव जुळत नाही, त्यांनीही हात टेकू नयेत. वाट हीच आहे, फक्त नवऱ्याच्या सहीच्या जागी पुरावे जास्त लावावे लागतात: शाळेचा उतारा, पत्रिका, माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेलं नाव, दोन्ही गावांचे दाखले, लग्न पाहिलेल्यांची अ‍ॅफिडेव्हिटं. माहेरच्या फेरफारात "अमुकची मुलगी सोनाबाई, सासरचे नाव सुमन" अशी नोंद पुष्कळदा सापडते, तलाठ्याकडे जरूर बघा. आणि मुलगा परदेशात असेल, आईला तिकडे घेऊन गेला असेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत अ‍ॅफिडेव्हिट साक्षांकित करून मिळतं, त्यासाठी म्हातारीला विमानाने आणायची गरज नाही.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मला ती सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटली. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर असलेल्यांसाठी पश्चिमी स्टार आहे, पूर्वेकडच्यांसाठी पूर्वी स्टार, शिवाय संग्राम मेडल. तात्यांची पलटण त्या डिसेंबरात आघाडीवर होती आणि तेही तिच्याबरोबर होते, तर ती नोंद पुस्तकात असायला हवी होती. नसेल, तर ते पन्नास वर्षं एक सल घेऊन बसले आहेत. "पलटणीचं रेकॉर्ड चुकत नसतं" असं तावातावाने म्हणणाऱ्या माणसाला ते एका जागी चुकलेलं आहे, हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. कदाचित पूर्वी कधी त्यांनी विचारलं असेल आणि कुणीतरी तोडून उत्तर दिलं असेल. त्या पदकाने पेन्शनचा एक रुपया वाढणार नाही. तरी विचारा.

आईच्या नावाचा विषय बाजूला ठेवून एखाद्या संध्याकाळी तात्यांना त्यांची ट्रंक उघडायला सांगा. ती काळी लोखंडी ट्रंक अजून घरात असेलच, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. तुम्ही उघडू नका, त्यांनाच उघडू द्या, हात थरथरत असला तरी. ७१ च्या डिसेंबरात पलटण कुठे होती, कंपनी कोणती, कमांडर कोण, बरोबरचे कोण कोण अजून आहेत, हे बोलतं करा आणि लिहून घ्या. तेच पदकाच्या अर्जाचं टिपण होईल. तो अर्ज वेगळा, वेगळ्या पाकिटातून, त्याच रेकॉर्ड ऑफिसला. दोन विषय एका कागदावर घालू नका, एक टेबल दुसऱ्याची वाट बघत बसतं. तात्यांचा स्वतःचा अर्ज जाऊ लागला की आईचा त्याच्या मागोमाग जाईल, त्यासाठी वेगळी मनधरणी लागेल असं मला वाटत नाही.

आणि आईला एकटीला गाठून विचारा, स्वयंपाकघरात, भाजी निवडताना. तिला कोणत्या नावाने लिहिलेलं हवंय? माझ्याकडे आलेल्या बायकांत बहुतेकींनी सासरचंच सांगितलं, आयुष्य त्यात गेलं म्हणून. पण एकीने सांगितलं होतं, "भाऊ, माहेरचं नाव आता फक्त त्या मिल्ट्रीच्या पुस्तकातच उरलंय, ते पुसू नका." आम्ही तिच्या अर्जात 'ऐवजी' हा शब्द काढून 'ऊर्फ' घातला आणि रेकॉर्ड ऑफिसने तो तसाच मंजूर केला. तुमच्या आईंनी असं काही सांगितलं, तर अ‍ॅफिडेव्हिट टाइप व्हायच्या आधी टायपिस्टला सांगायला विसरू नका.